मार्कंड्याच्या भिंतीवर लेन्सची परीक्षा

लांब पल्ल्याच्या लेन्सविषयी एक तक्रार अलीकडे आमच्या कानांवर वारंवार येते. कोणी ताडोबाहून परत येतो, कोणी मुलाच्या शाळेतील क्रीडास्पर्धा टिपून येतो, आणि दोघांचेही म्हणणे एकच असते : लेन्स महागडी घेतली, पण ऑटोफोकस बसतच नाही. लेन्स पुढेमागे घुरघुरत राहते, नाहीतर फोकस बसल्याची खूण देते आणि घरी येऊन पाहावे तर चित्र धूसर. मग निदान ठरलेले असते. लेन्स बिघडली! तीसेक वर्षे हौसेने कॅमेरा हाताळीत आल्यामुळे अशा लेन्स आमच्याकडे पाहण्यासाठी येतात. त्यांतील खरोखर बिघडलेल्या फार थोड्या असतात, हा आमचा अनुभव आहे. तथापि गेल्या हिवाळ्यात जी लेन्स आली तिच्याशी घरातल्याच एका मुलाची उपजीविका बांधलेली होती, म्हणून ती हकिगत जरा विस्ताराने सांगावीशी वाटते.

आमचा भाचा मोहर्ली भागातील एका निवासस्थानी पर्यटकांच्या दिमतीला असतो. ज्यांच्यापाशी कॅमेरा नसतो, अशा पर्यटकांना तो त्यांच्या जंगलफेरीची छायाचित्रे काढून देतो आणि त्याचे त्याला वेगळे पैसे मिळतात. त्यासाठी त्याने पतसंस्थेचे कर्ज काढून १५० ते ६०० मिलिमीटरची एक जुनी झूम लेन्स विकत घेतली. पहिला महिना बरा गेला. पुढे तक्रारी सुरू झाल्या. एकदा तर वाघीण जिप्सीच्या अगदी जवळून रस्ता ओलांडून गेली, गाडीतल्या सहाजणांनी श्वास रोखून धरले, आणि ह्याची लेन्स या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरत राहिली. एकही चित्र मिळाले नाही. त्या पर्यटकांनी पैसे दिले नाहीत, आणि ते देणारही कशाचे! मोठ्या शहरातील एका दुकानाने लेन्स तपासून सांगितले की आतली मोटर झिजली आहे. खर्चाचा जो आकडा सांगितला तो खरेदीच्या निम्म्याच्या आसपास होता. त्यापेक्षा आहे तशी विकून टाकावी म्हणून त्याने गिऱ्हाईकही पाहिले. ते एकतृतीयांश किंमत देण्यास तयार होते. कर्जाचे हप्ते मात्र पुरे शिल्लक होते. शेवटी आमच्या बहिणीचा फोन आला, “दादा, तू एकदा बघ. मग काय ते ठरवू दे त्याला.”

मंगळवारी ताडोबाचा मुख्य भाग पर्यटनास बंद असतो. म्हणून सोमवारी रात्री भाचा चंद्रपूरला आमच्याकडे आला. लेन्सला हात लावण्याआधी आम्ही त्याची वाया गेलेली छायाचित्रे मागून घेतली. डॉक्टर जसा आधी रोग्याचे ऐकून घेतो तसेच हे आहे, कारण धूसरपणाच्याही जाती असतात. चित्रात कुठेच काही स्पष्ट नसेल आणि कडा एकाच दिशेने ओढल्यासारख्या किंवा दुहेरी दिसत असतील, तर हात किंवा गाडी हलली आहे. फोकसचा तेथे संबंध नाही. कडा पाण्यातल्या प्रतिबिंबासारख्या वेड्यावाकड्या झाल्या असतील, तर दोष मधल्या हवेचा. आणि वाघ धूसर असून त्याच्या पुढचे गवत किंवा मागचा बांबू काटेकोर स्पष्ट असेल, तरच फोकस चुकला असे म्हणता येते. भाच्याच्या चित्रांचे या रीतीने ढीग पाडले. तलावापलीकडच्या सांबरांची दुपारची चित्रे सगळी वेड्यावाकड्या कडांची निघाली. दुसऱ्या ढिगात जनावर धूसर आणि त्याच्या थोडे पुढचे गवत स्पष्ट, असे एकसारखे दिसत होते. वाघिणीच्या प्रसंगाचे चित्रच नव्हते. त्याबद्दल त्याचे तोंडी निवेदन तेवढे होते. म्हणजे एका लेन्सवर तीन निरनिराळ्या तक्रारी होत्या, आणि दुकानाने तिन्हींना मिळून एकच औषध सांगितले होते.

पहाटे चारला निघून मूल, सावली, व्याहाड मागे टाकीत वैनगंगेचा पूल ओलांडला आणि गडचिरोली, चामोर्शी करीत मार्कंड्याला पोहोचलो. मार्कंडा आम्ही मुद्दाम निवडले होते. लेन्सची परीक्षा घ्यायची तर एक वस्तू अशी हवी की जी जागची हलत नाही, पण जिच्यावर बारीक रेषा भरपूर आहेत. एक अशी हवी की जी क्षणभर स्थिर राहत नाही. शिवाय दुपारी तापणारे मोकळे मैदान हवे. मार्कंड्याला देवळांच्या भिंती आहेत, नदीवरचे पक्षी आहेत आणि वैनगंगेची वाळू आहे. दक्षिणेकडे वाहत जाणारी ही नदी येथे वळण घेऊन उत्तरवाहिनी होते. त्यामुळे हिंदू बांधवांना हे स्थान पवित्र वाटते आणि महाशिवरात्रीला येथे मोठी जत्रा भरते. इतर दिवशी सकाळी शांतता असते. अलेक्झांडर कनिंगहॅम १८७३–७४ च्या दौऱ्यात येथे आला होता आणि त्याच्या अहवालाच्या नवव्या खंडात या देवळांचे वर्णन आहे. वीज पडून मुख्य मंदिराच्या शिखराचा भाग मंडपावर कोसळल्याची आणि पुढे गोंड राजवटीत त्याची ओबडधोबड डागडुजी झाल्याची हकिगतही जुन्या नोंदींत मिळते. अलीकडच्या वर्षांत पुरातत्त्व खात्याने मुख्य मंदिराच्या जीर्णोद्धाराचे काम हाती घेतले आणि ते लांबत गेले. दगड उतरवून पुन्हा रचायचे असतात तेव्हा आधी काढलेल्या स्पष्ट छायाचित्राची किंमत काय असते, हे येथे उभे राहिल्यावर नीट कळते.

संरक्षित स्मारकात ट्रायपॉड लावावयाचा तर परवानगी घ्यावी लागते. आम्ही घरून तांदळाची एक लहान पिशवी आणि घडीचे स्टूल नेले होते. स्टुलावर पिशवी, पिशवीत बसवलेली लेन्स, आणि शटर दाबण्यास हाताऐवजी दोन सेकंदांचा टायमर. एवढी स्थिरता आमच्या कामाला पुरेशी होती. लेन्समधील कंप रोखणारी सोय बंद केली, कारण काही लेन्स स्थिर आधारावर असताना हीच सोय उलट बारीक कंप निर्माण करते. लेन्सवर पुढे लावलेला स्वस्तातला फिल्टर काढून ठेवला. लांब पल्ल्याला असली काच चित्र बिघडवू शकते. लेन्स आणि बॉडी यांना जोडणारे सोनेरी संपर्कबिंदू कोरड्या स्वच्छ फडक्याने पुसले. ह्या सर्व गोष्टींना पाच मिनिटे लागली असतील, पण त्या केल्यावाचून पुढची परीक्षा निरर्थक ठरते.

पहिल्यांदा वाघिणीचे प्रकरण घेतले. एका लहान देवळासमोर सहासात मीटरवर उभे राहून आम्ही भाच्याला भिंतीवरील एका मूर्तीवर फोकस करण्यास सांगितले. लेन्स घुरघुरली, एका टोकाला गेली, परत आली, थांबली. पुन्हा तेच. “बघा मामा, हेच ते,” तो म्हणाला. आम्ही लेन्सच्या डाव्या अंगावरील बटणांकडे पाहिले. त्यांतले एक बटण ‘दहा मीटर ते अनंत’ या खुणेवर होते. ते ‘पूर्ण’ या खुणेवर सरकवले आणि मूर्ती तत्काळ फोकसमध्ये आली.

हे बटण लेन्सच्या धावेवर मर्यादा घालते. लांब लेन्समधील भिंगांना जवळच्या वस्तूपासून क्षितिजापर्यंत फोकस नेताना मोठा प्रवास करावा लागतो, आणि एकदा खूण हरवली की तो पुरा प्रवास करून येईपर्यंत पक्षी उडून जातो. म्हणून दूरचेच टिपायचे असेल तेव्हा जवळचा टापू वगळण्याची सोय दिलेली असते. ती लावून ठेवली की दहा मीटरच्या आत आलेल्या वस्तूवर लेन्स फोकस करूच शकत नाही. वाघीण जिप्सीजवळ आली ती या हद्दीच्या आत. दुकानातही तपासणी झाली होती ती काउंटरवरून समोरच्या भिंतीवरील कॅलेंडरवर. मधले अंतर चार मीटर असेल नसेल. मोटर झिजल्याचे निदान त्या कॅलेंडराने केले होते! भाचा काही वेळ बोललाच नाही. मग हळूच म्हणाला, “मोटर चांगली आहे म्हणजे?” चांगली होती.

येथे ऑटोफोकस कसे चालते ते थोडक्यात सांगणे भाग आहे. आरसा असलेल्या कॅमेऱ्यात मुख्य आरशाचा मधला भाग अर्धपारदर्शक असतो. त्यातून गेलेला प्रकाश मागच्या लहान आरशावरून खाली, कॅमेऱ्याच्या तळाशी बसवलेल्या फोकसच्या सेन्सरवर उतरतो. लेन्सच्या दोन विरुद्ध कडांकडून आलेल्या प्रतिमा तेथे एकमेकींशी ताडून पाहिल्या जातात. त्या जितक्या सरकलेल्या असतील त्यावरून फोकस किती आणि कोणत्या दिशेला चुकला हे यंत्राला एका दमात कळते. पण ताडून पाहायला काहीतरी रेघ, कड, उजेड आणि सावलीची सीमा लागते. यंत्राला वाघ कळत नाही, मूर्ती कळत नाही, कड कळते. आपल्या वाचकांपैकी ज्यांनी चर्चमध्ये मागच्या बाकावरून लांब लेन्सने लग्नविधी टिपला असेल, त्यांनी हे अनुभवले असेल. फादरांचा शुभ्र झगा आणि मागची पांढरी भिंत यांवर फोकसचा बिंदू ठेवला तर लेन्स वेड्यासारखी फिरत राहते. तोच बिंदू स्टोलच्या किनारीवर किंवा वेदीवरील मेणबत्तीच्या दांडीवर नेला की ती स्थिरावते. ईस्टरच्या रात्री दिवे मालवल्यावर तर कुठल्याच कडेला पुरेसा उजेड नसतो; तेव्हा फोकस हातानेच करावा.

मार्कंड्याच्या कित्येक मूर्तींचे चेहरे ऊनपावसाने इतके गुळगुळीत झाले आहेत की यंत्राला त्यांत धरण्यासारखे काही सापडत नाही. ते चेहरा सोडून शेजारच्या खोबणीची गडद सावली पकडते आणि फोकस बोटभर मागे जातो. अशा ठिकाणी मुकुटाची किंवा हाराची अजून टिकलेली कड शोधावी लागते. ही चूक लेन्सची नव्हे.

आता दुसरा ढीग, म्हणजे पुढचे गवत स्पष्ट असलेली चित्रे. सहाशे मिलिमीटरवर, ६.३ च्या छिद्राने, लहान सेन्सरच्या कॅमेऱ्यात दहा मीटरवरील वस्तू टिपली तर स्पष्ट दिसणारा पट्टा जेमतेम सात सेंटिमीटरांचा असतो. वाघाचे नाक आणि डोळा यांतले अंतरही याहून अधिक. त्याच छिद्राने पन्नास मिलिमीटरच्या साध्या लेन्समधून पाहिले तर सुमारे साडेसहा मीटरपासून वीस मीटरपर्यंत सारेच स्पष्ट येते. म्हणजे लहान लेन्सच्या बाबतीत जी चूक आयुष्यभर कोणाच्या ध्यानात येणार नाही, ती लांब लेन्स चव्हाट्यावर आणते. आणि आरशाच्या कॅमेऱ्यात अशी चूक संभवते, कारण फोकस मोजणारा सेन्सर एकीकडे आणि चित्र उमटवणारा दुसरीकडे असतो. दोघांपर्यंतची प्रकाशाची वाट केसभर जरी कमीजास्त झाली तरी फोकस दर वेळी पुढे किंवा दर वेळी मागे पडतो.

त्यासाठी बाजारात तिरप्या पट्ट्यांचे तक्ते मिळतात. आम्ही भिंतीचाच तक्ता केला. ओळीने कोरलेल्या मूर्तींच्या भिंतीकडे समोरून न पाहता कोपऱ्यातून तिरपे पाहिले की पहिली मूर्ती जवळ, दुसरी थोडी लांब, तिसरी त्याहून लांब, अशी आयती मोजपट्टी तयार होते. पंधरा मीटरवरून चौथ्या मूर्तीच्या मुकुटावर मधला एकच बिंदू ठेवून सहा चित्रे काढली. दर चित्राआधी फोकस हाताने बिघडवून घेतला, एकदा जवळच्या टोकाला आणि एकदा दूरच्या, म्हणजे प्रत्येक वेळी यंत्राने नव्याने शोध घ्यावा. मग मागच्या पडद्यावर चित्र मोठे करून, आरसा वर असताना, चित्राच्याच सेन्सरकडून सावकाश फोकस करवून आणखी सहा काढली. दुसऱ्या सहांत चौथी मूर्ती सहाही वेळा स्पष्ट. पहिल्या सहांत पाच वेळा तिसरी मूर्ती स्पष्ट आणि चौथी मऊ. रोग सापडला होता, आणि तो नियमाने वागणारा रोग होता, हे महत्त्वाचे. फोकस कधी पुढे, कधी मागे असा पडला असता, तर आत काहीतरी सैल झाले आहे असे समजून लेन्स खरोखर कारखान्याकडे पाठवावी लागली असती.

नियमित चुकीवर उपाय कॅमेऱ्यातच असतो. २००७ च्या सुमारापासून वरच्या दर्जाच्या बॉडींत प्रत्येक लेन्ससाठी फोकस किंचित पुढेमागे सरकवून ठेवण्याची सोय येऊ लागली. साधारणपणे वजा वीसपासून अधिक वीसपर्यंत आकडे असतात. भाच्याच्या बॉडीत झूमच्या दोन टोकांना दोन वेगळे आकडे देता येत होते. लांब टोकाला अधिक पाच करून पाहिले, मग दहा. दहाला पाचवी मूर्ती डोकावू लागली. सातवर चौथी मूर्ती जागेवर आली. आखूड टोकाला दोन पुरेसे झाले. नंतर तीस मीटरवर, म्हणजे लेन्सच्या लांबीच्या पन्नास पट अंतरावर जाऊन पुन्हा पडताळा घेतला, कारण एका अंतरावर बसवलेला आकडा दुसऱ्या अंतरावर जसाच्या तसा लागू पडेल याची खात्री नसते. ज्या बॉडीत ही सोय नाही तिच्या मालकाने लेन्स आणि बॉडी दोन्ही मिळून दुरुस्तीला द्यावीत. एकटी लेन्स पाठवून उपयोग होत नाही, कारण भांडण दोघांचे असते. आरसा नसलेल्या नव्या कॅमेऱ्यांत फोकस चित्राच्याच सेन्सरवर मोजला जातो, त्यामुळे हा रोग जवळजवळ नाहीसा झाला आहे. ते कॅमेरे जनावराचा डोळाही ओळखतात म्हणे. ओळखतात, हे आम्ही पाहिले आहे. पण मधे बांबूची काडी आली की तेही पुष्कळदा काडीवरच भाळतात.

या शोधाच्या इतिहासात कोर्टकचेऱ्याही आहेत. १९७७ मध्ये कोनिकाने ऑटोफोकसचा पहिला कॅमेरा सर्वसामान्यांच्या बाजारात आणला. १९८५ मध्ये मिनोल्टाने ते तंत्र बदलत्या लेन्सच्या कॅमेऱ्यात यशस्वी करून दाखवले. आणि १९९२ मध्ये पेटंटच्या दाव्यात मिनोल्टाला हनीवेल या अमेरिकन कंपनीला बारा कोटी पंचाहत्तर लाख डॉलर द्यावे लागले. जुनी लेन्स घेणाऱ्याने या इतिहासातील एक गोष्ट ध्यानात ठेवावी. काही कंपन्यांच्या जुन्या लेन्समध्ये मोटर नसते. बॉडीतील मोटर त्या फिरवते. निकॉनने २००६ च्या डी-४० पासून काही स्वस्त बॉडींतली ही मोटर काढून टाकली. अशा जोडीचा ऑटोफोकस चालत नाही, आणि विकणारा ते सांगेलच असे नाही.

राहिला दुपारचा ढीग. सकाळी सातला नदीकाठी उतरून आम्ही पैलतीरावरील एका डोंग्यावर हाताने फोकस करून ऑटोफोकस बंद केला होता आणि दहा चित्रे काढून ठेवली होती. बारा वाजता त्याच जागी, तोच डोंगा, तसाच हाताने लावलेला फोकस, पुन्हा दहा चित्रे. सकाळची दहाही एकमेकींसारखी, डोंग्याच्या फळ्या मोजता याव्यात अशी. दुपारच्या दहांत कोणतीही दोन सारखी नाहीत. एकीत डोंग्याचे टोक स्पष्ट तर दुसरीत तेच विरघळलेले. वाळू तापली की तिच्यावरील हवेचे थर कमीअधिक तापून वर चढू लागतात, आणि प्रकाश त्यांतून वाकतवाकत येतो. डोळ्याला हे मृगजळासारखे किंचित हलते दिसते. सहाशे मिलिमीटरची लेन्स ते अनेक पटींनी मोठे करून दाखवते. असल्या हवेत ऑटोफोकसला धरायला कड सापडते ती दर क्षणी जागा बदलणारी. जगातील कोणतीही लेन्स यावर उपाय करू शकत नाही. सकाळ गाठावी, जवळ जावे, किंवा जमिनीपासून थोडे उंचावरून टिपावे. जिप्सीच्या तापलेल्या बॉनेटवरूनही हेच घडते, हे आम्ही भाच्याला मुद्दाम सांगितले.

दुपारी डबा उघडला. तेव्हा त्याने विकत घेणाऱ्या गिऱ्हाइकाला फोन लावला आणि लेन्स विकायची नाही एवढे सांगून ठेवून दिला. आईला फोन केला तो बराच लांबला.

संध्याकाळी पाण्यावर कवड्या खंड्या दिसला. काळापांढरा, एका जागी पंख फडफडवीत हवेत ठरणारा, आणि मग दगडासारखा सरळ खाली पडणारा. लांब लेन्सची यापेक्षा कठीण परीक्षा आम्हाला ठाऊक नाही. फोकस सतत चालू राहील अशी योजना ठेवली, मधला बिंदू आणि त्याच्या भोवतीचे चार एवढेच वापरात घेतले, आणि फोकसचे काम शटरच्या बटणावरून काढून मागच्या अंगठ्याच्या बटणावर दिले. सगळे बिंदू खुले ठेवले की यंत्र पक्षी सोडून मागच्या झाडीच्या ठळक रेषा पकडते. पक्षी आकाशाच्या पार्श्वभूमीवर होता तोवर भाच्याला छान चित्रे मिळाली. चोचीवरची पाण्याची चमकसुद्धा आली. तो झाडीसमोर उतरला की फोकस सुटे. चौदा वेळा त्याने सूर मारला. पाण्यात शिरतानाचे एकही चित्र आले नाही.

भाच्याने त्या मर्यादेच्या बटणाशेजारी चिकटपट्टीचा जाड तुकडा लावला आहे, म्हणजे अंधारात अंगठ्यालाही बटण कोणत्या बाजूला आहे ते समजावे. कर्जाचे अकरा हप्ते अजून आहेत. पुढच्या मंगळवारी तो आम्हाला न सांगता एकटाच मार्कंड्याला जाऊन आला. खंड्या राहिला होता ना, म्हणाला.